रस्त्यावरची द्राक्षं

इंदिराबाईंनी प्रसादाचा डबा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला, खडू घेतला आणि फळ्यावर इंग्रजी अक्षरांत एकच शब्द लिहिला. लूट.

"सांगा, हा शब्द मराठी की इंग्रजी?"

आठवीच्या वर्गात गलका झाला. कोणी मराठी म्हणालं, कोणी इंग्रजी.

"दोन्हींत आहे. इंग्रज इकडे आले आणि जाताना हा शब्द घेऊन गेले. आता त्यांच्या डिक्शनरीत क्रियापद होऊन बसलाय."

"म्हणजे बाई, शब्दसुद्धा लुटूनच नेला की!" शेखर म्हणाला. वर्ग हसला. बाईही हसल्या.

"पण बाई, चोरीत आणि लुटीत फरक काय?" दीपकने विचारलं.

"चोर लपून नेतो. आपल्याला कोणी पाहू नये, असं त्याला वाटतं. लूट उघड्यावर होते. लढाईत, दंगलीत, कुठे अपघात झाला तर. मालकाचं काही चालत नाही, आणि सगळेच नेत असतात, म्हणून..."

वाक्य तिथेच अडकलं.

सगळेच नेत होते, आई. काल संध्याकाळी मयुरेश हेच म्हणाला होता. पिशवीतली लांबट काळी द्राक्षं त्याने ओट्यावर ओतली होती. गिरणारे रस्त्यावर पिकअप उलटली होती म्हणे. "रस्त्यात पडलेलीच होती गं. नाहीतरी गाड्यांखालीच गेली असती." इंदिराबाई त्याला रागावल्या होत्या. पण सकाळी पूजेला बसल्यावर त्यांना पारिजातक आठवला. त्याची फुलं जमिनीवरून वेचलेली देवाला चालतात की. मग त्यांनी द्राक्षं धुऊन नैवेद्याच्या वाटीत ठेवली.

"बाई, वाक्य सांगू?" शेखर उभाच होता. "द डाकूज लूटेड द बस."

"डाकू राहू दे रे चंबळला. आपल्या इथलं सांगा कोणीतरी."

शेवटच्या बाकावरून हात वर आला. वेदिका. ती गिरणाऱ्याहून एसटीने यायची, आणि आपणहून कधी हात वर करायची नाही.

"पीपल लूटेड अवर ग्रेप्स." थोडं थांबून तिने जोडलं, "यस्टरडे."

कोणी हसलं नाही.

"काल पप्पांची गाडी उलटली," ती म्हणाली. "पप्पांना फार नाही लागलं. ते रस्त्यात हात जोडून उभे होते, नका नेऊ म्हणत होते. लोक पिशव्या भरत होते. एक दादा पप्पांना म्हणाला, काका, जरा बाजूला व्हा ना." तिने फळ्याकडे पाहिलं. "वाक्य बरोबर आहे का, बाई?"

"बरोबर आहे," इंदिराबाई म्हणाल्या.

"मग आज प्रसाद वेदिका वाटणार!" दीपक ओरडला. बाईंच्या तासाला ज्याचं वाक्य चांगलं, त्याच्या हातून प्रसाद, हे ठरलेलं होतं. वेदिका टेबलाशी आली. बाईंनी डब्यावर हात ठेवला.

"आज राहू दे."

"असं कसं बाई? मग तुम्ही उपाशी राहणार." सगळ्या वर्गाला माहीत होतं, प्रसाद वाटल्याशिवाय बाई तोंडात काही घालत नाहीत. वेदिकाने डबा हळूच ओढून घेतला आणि झाकण काढलं.

ती आत पाहत राहिली. एक द्राक्ष उचलून तिने बोटांत फिरवलं, परत ठेवलं. मग मान वर केली.

"तुमचीच आहेत," इंदिराबाई म्हणाल्या. आवाज तिच्यापुरताच निघाला. "माझ्या मुलाने आणली. मला माहीत होतं, वेदिका."

मागच्या बाकांवर कोणीतरी पेन्सिलीने बाक वाजवत होतं. वेदिकाने डबा उचलला आणि पहिल्या बाकापासून वाटायला लागली. मुलांनी उजवे हात पुढे केले, द्राक्ष कपाळाला लावून तोंडात टाकलं.

"गोड आहेत गं!" शेखर म्हणाला.

"असणारच," ती म्हणाली.

सगळा वर्ग संपवून ती टेबलाशी परत आली. इंदिराबाई फळ्याकडे तोंड करून डस्टर शोधत होत्या. डस्टर समोरच होतं.

"बाई, तुमचा राहिला."

त्यांनी मान हलवली.

"प्रसादाला नाही म्हणू नये," वेदिका म्हणाली. "तुम्हीच सांगता."

इंदिराबाईंनी हात पुढे केला. खडूने पांढऱ्या झालेल्या त्या तळहातावर वेदिकाने एक काळं द्राक्ष ठेवलं, आणि बाई ते खाईपर्यंत तिथेच उभी राहिली.