सुईण हेन्ड्रिका

लोरेनानं ओला ब्रश घासला, तसं थडग्याच्या दगडावरचं शेवाळ निघालं आणि पणजीचं नाव दिसलं: हेन्ड्रिका हूकस्ट्रा. आयोवातल्या या जर्मन शेतकऱ्यांच्या गावात आपली डच पणजी मोलकरीण होती, एवढंच वडिलांनी तिला सांगितलं होतं, तेही खालच्या आवाजात. म्हणून सत्तरी उलटल्यावर ती कुणालाही न सांगता एकटीच शोधायला आली होती.

दफनभूमीची देखभाल करणारा म्हातारा एमिल पाण्याची बादली घेऊन आला. नाव वाचताच त्यानं टोपी काढली.

"या तुमच्या कोण?"

"पणजी. इथं घरकामाला होती म्हणे."

"घरकामाला? अहो, या आमच्या सुईण! माझे आजोबा पोटात आडवे आले होते. नदीला पूर, पूल वाहून गेलेला. तर ही बाई कपडे धुण्याच्या लाकडी टपात बसून, फळीनं वल्हवत पलीकडून आली. आमच्याकडे अजून सांगतात. उद्या रविवार आहे, चर्चला याच."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर एमिलनं खड्या आवाजात विचारलं, "हेन्ड्रिकाबाईंच्या हातून कुणाकुणाच्या घरातलं माणूस जन्मलं? उभे राहा."

पुढच्या बाकावरच्या एक आजीबाई काठी टेकत उठल्या. मग मागची बाकंच्या बाकं उभी राहिली.

आजीबाईंनी वळून अनोळखी लोरेनाकडे पाहिलं. "आणि बाई, आपण कोण?"

एमिल सांगणारच होता, पण त्याला थांबवून लोरेना उठली.

"मी त्यांची पणती," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.