दोन पानी पत्र

इंग्रजी उतारा एका नव्या कादंबरीबद्दल होता. भीमराव ओव्हाळांनी कोरड्या विहिरीबद्दलचं शेवटचं वाक्य वाचलं, त्याचा मराठीत अर्थ सांगितला आणि खिशातून एक लिफाफा काढून टेबलावर ठेवला.

"आता हे घ्या, मॅडम."

 हा लिफाफा कधीतरी निघणार, हे भाग्यश्रीला पाच महिन्यांपासून माहीत होतं.

तिचा इंग्रजीचा क्लास खडकी बाजारात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत. येणाऱ्या सगळ्या नोकरी शोधणाऱ्या पोरी, आणि त्यांच्या बाकावर दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला हा एकटा माणूस. सुरुवात राष्ट्रध्वजाच्या इतिहासाच्या उताऱ्यापासून झाली होती. 'फ्लॅग' म्हणायलाच त्यांना मिनिटभर लागायचं. चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं, ही ओळ मात्र ते खुशीत येऊन दोनदा वाचायचे. पोरी हसायच्या, वाचेनात का बिचारे.

का शिकायचंय, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मुलगा तेजस शिकायला इंग्लंडला गेला आणि तिथेच वारला. कसा वारला, ते सांगणारं तिथल्या सरकारी कचेरीचं पत्र आलं. पुतण्याने ते वाचून मोटारीचा अपघात सांगितला. भीमरावांची बायको, विमलाबाई, म्हणाली, "वाचताना ह्याचे डोळे कागदावर नव्हते. मला आता कुणाचं ऐकायचं नाही. तुम्ही शिका आणि तुम्हीच मला वाचून दाखवा." पोराला जाऊन वर्ष होत होतं, येत्या रविवारी विहारात त्याचं पुण्यानुमोदन होतं. त्याच्या आत वाचायचं, असं नवराबायकोचं ठरलं होतं.

भाग्यश्रीने लिफाफा उघडला. दोन पानं, दाट टाइप केलेली. तेजस दोनदा नापास झाला होता. कॉलेजात जायचं त्याने केव्हाच सोडलं होतं आणि घरी कळवलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो पुलावर एकटा आला, बूट काढून कडेला नीट ठेवले आणि त्याने नदीत उडी घेतली. हवा कोरडी होती, उजेड होता, अपघाताचा संशय नाही. सगळं कसं साहेबी शिस्तीत, तारीखवार लिहिलेलं. मेली ही भाषा, आणि आपण हिचे पैसे घेऊन क्लास चालवतो! भाग्यश्रीला रडू फुटायचंच बाकी होतं.

"पाय घसरला हो, काका," ती म्हणाली. "पाऊस होता. पुलावरून जाताना तोल गेला. कुणाचीच चूक नाही."

"पाऊस," भीमराव म्हणाले. त्यांनी मान डोलावली, मग हात लांब करून पहिल्या पानावरच्या एका शब्दावर नख ठेवलं. "हा 'ड्राय' ना? आत्ताच झाला आपला. विहिरीचा."

भाग्यश्रीचे कान तापले. 

"मला महिन्यापूर्वीच ह्याचा अर्थ लागला होता," ते म्हणाले. "एकेक शब्द डिक्शनरीत पाहिला. बुटांपर्यंत आलो आणि दोन दिवस पुढे गेलोच नाही."

"मग मला कशाला विचारलंत?"

"तुम्ही काय सांगता ते बघायचं होतं. पुतण्याची मोटार तिला पटली नाही. तुमचा पाऊस बरा आहे. पटेल."

"काका, काकूंना खरं सांगा. आज ना उद्या कळणारच."

"त्याला पाठवायचं तिनेच ठरवलं होतं, मॅडम. मी नको म्हणत होतो, तर माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. आता हे वाचून दाखवू तिला? तेवढ्यासाठी शिकलो मी इंग्रजी?" भीमरावांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. बाहेरच्या पोरींना ऐकू जाऊ नये म्हणून असेल.

भाग्यश्रीने पत्राची पानं सारखी केली. या माणसाला आता काय शिकवायचं?

"पण तुमचं चार वाक्यांत आटोपलं," भीमराव म्हणाले. "पत्र दोन पानी आहे. तिला वाचता येत नसेल, दिसतं तर! माझे डोळे शेवटच्या ओळीपर्यंत कागदावर पाहिजेत. पान उलटायच्या जागी उलटलं पाहिजे. तुम्ही मराठीत लिहून द्या, मी पाठ करतो. चार दिवस आहेत."

असलं काम आपल्याला जमणार नाही, असं तिला सांगायचं होतं. पण तिने कोरा कागद ओढला. पहिल्या पानावर एकतीस ओळी होत्या. पाऊस तिने सकाळपासूनच सुरू केला, म्हणजे सहा ओळी भरल्या. मग कॉलेज.

"सर त्याला हुशार म्हणायचे, असं लिहू?"

"लिहा. हुशार होताच तो."

परीक्षेत तिने त्याला पास केलं. पूल थोडा अरुंद केला, दगड शेवाळलेले केले. भीमराव शेजारी बसून प्रत्येक ओळ पुटपुटत होते आणि मूळ पत्रावर बोट पुढे सरकवत होते. दुसऱ्या पानाच्या तीनच ओळी उरल्या. तिथे भाग्यश्रीला काही सुचेना, पेन थांबलं.

"तो एकटा नव्हता, असं घाला," भीमराव म्हणाले. "शेवटी कुणीतरी जवळ होतं. त्याचा हात धरून." पत्राच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "आईच्या वयाची बाई असली तर बरं."