शेवटचा दगड

भूकंपात भिंतीखाली सापडली तेव्हा किल्लारीची मंजुश्री आठ वर्षांची होती. कमरेखालचं अंग कायमचं गेलं. मोठेपणी लातूरच्या एका नीटच्या क्लासमध्ये दर रविवारी बाकं सरकवून व्हीलचेअरवरचा तिचा संघ कर्लिंग हा बर्फावरचा खेळ फरशीवर खेळे. काठीनं दगड ढकलायचा, वर्तुळात थांबवायचा. देशाच्या संघाच्या निवडीच्या सामन्यांसाठी आल्यावर खरा बर्फ त्यांनी पहिल्यांदा पाहिला. त्यावर पहिल्या सामन्यात त्यांचा प्रत्येक दगड वर्तुळ ओलांडून निसटला. समोरच्या संघाचे नऊ, यांचं शून्य असं झालं आणि मंजुश्रीचा एकच दगड उरला, तेव्हा पंच कनवाळूपणे म्हणाले, "हार मानून हात मिळवा, बाई." "माझा दगड राहिलाय," ती म्हणाली. मागून तिची खुर्ची धरलेला सोबती ताहेर पुटपुटला, "ताई, हळू. ही फरशी न्हाई." तिनं दगड अलगद सोडला. तो रेंगाळत गेला आणि मधोमध थांबला. फलकावर नऊ-एक असं लागलं. मंजुश्रीनं पंचांना विचारलं, "उद्या आमच्यासमोर कोण हाय?"