दिलेली

मावशीनं बाईंना ओळखलं नाही. वृद्धाश्रमातल्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, मांडीवर पांघरूण, केसांची कुणीतरी घट्ट वेणी घातलेली. दवाखान्यात शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी बाईला म्हणावं तसं ती "या, बसा" म्हणाली आणि पुन्हा बाहेर बघू लागली.

बाई बसल्या. आयुष्यभर जे विचारलं नाही ते आज विचारायचंच, असं ठरवून त्या काम टाकून आल्या होत्या. आणि उत्तर देणारं माणूसच जागेवर नव्हतं.

बाई इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या संपादक होत्या. ऑफिसात लहानथोर सगळे त्यांना नुसतं 'बाई'च म्हणत. गेले काही दिवस त्या 'गिव्ह' या शब्दावर अडल्या होत्या. 'देणे' असं लिहून मोकळं होता येईना. इंग्रजीत सल्ला देतात, जन्म देतात, तसा ओझ्याखाली पूलही 'देतो' आणि कोसळतो. मराठी तरी कुठे कमी? माणूस हूल देतो, ढेकर देतो, हातावर तुरी देतो, एखाद्या दिवशी जीवही देतो. "बाई, या शब्दाशी आपलं काही घेणंदेणं नाही, असं लिहून टाका," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. सगळे हसले. बाईही हसल्या.

मग त्या शब्दाच्या मुळाशी गेल्या. त्याच्याच कुळातला 'गिफ्ट' इंग्रजीत भेट होता आणि जर्मनमध्ये विष. बाईंना त्याचं फारसं नवल वाटलं नाही. पण त्याच्याही मागे, इंग्रजी जन्मायच्या फार आधी, अभ्यासकांना एक धातू असावासा वाटत होता. त्यातून देणंही निघालं होतं आणि घेणंही. देणारा हात कुठला आणि घेणारा कुठला, हे त्या धातूला सांगता येत नव्हतं. बाईंनी तेवढं वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि त्या उठल्या. कारण त्या स्वतः दिलेल्या होत्या.

त्यांना जन्म दिला तो या मावशीनं. तिच्या थोरल्या बहिणीला मूल होत नव्हतं, म्हणून तिला दिली. घरात हे कुणी झाकून ठेवलं नव्हतं. "पोटची पोर दिली हो, केवढं मन," असं नातेवाईक कौतुकानं म्हणत. ते ऐकताना लहानपणी बाईंना वाटे, आपण म्हणजे जुनं कपाट. चांगलं होतं, कुणाच्या तरी उपयोगी पडलं. आईनं तसं जिवापाड वाढवलं, कशाला म्हणून कमी केलं नाही. तरी मावशी घरी आली की त्या तिच्याकडेच बघत राहायच्या. मावशी खुर्चीच्या कडेला टेकायची, चहा अर्धा ठेवायची. लेकीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवणंसुद्धा नाही. आई दारात उभी असायची, आणि मावशी तिच्याकडे बघून लगबगीनं निघायची. इतकं सहज देता येतं माणसाला? बाईंनी तिला मनातून कधी माफ केलं नाही. आई गेली त्या दिवशी मावशी रडत जवळ घ्यायला आली, तर बाईंनी बगल दिली.

"कधी ओळखतात, कधी नाही," नर्स मघाशी म्हणाली होती, "पण जुनं अगदी लख्ख आठवतं त्यांना."

म्हणून बाईंनी विचारलंच. "मावशी, तू तुझी मुलगी का दिलीस?"

मावशीनं मान वळवली. ती रागावली नाही. चुकीचा पत्ता सांगणाऱ्याला दुरुस्त करावं तसं म्हणाली, "दिली? छे, दिली नाही मी."

मग तिनं नीट समजावून सांगितलं. बाळंतपणानंतर छातीचं दुखणं निघालं, क्षयाचं. बाळाला जवळसुद्धा घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ताई म्हणाली, तू बरी होईस्तोवर मी सांभाळते. बरी झाल्यावर आणायला गेले, तर ताई म्हणाली, आता ती मला आई म्हणते गं, एवढ्यात तोडू नकोस, जरा मोठी होऊ दे. मग आणखी जरा. भेटायला ये, म्हणाली, पण तिला लळा लावू नकोस. तोवर लोकच म्हणायला लागले, दिली, दिली. ताईपुढे तोंड उघडायची सवय नव्हती कधी.

बाईंना एक हाक मारायची होती. ती हाक आयुष्यभर दुसऱ्याच कुणाला मारलेली होती, ती ओठांवर येईना. त्यांनी मावशीचा हात धरला. मावशीनं तो हलकेच सोडवून घेतला, परक्या बाईनं धरल्यावर सोडवतात तसा.

"तुम्ही ताईच्या बाजूला राहता का?" तिनं अदबीनं विचारलं. "मग माझं एवढं काम करा. तिला सांगा, मी आता बरी झालेय. पोरीला आणून सोड म्हणावं."