धातूचे दात

माणसानं आयुष्यात नीट विचार करून कराव्यात अशा निवडी तीनच: जोडीदार, घर आणि सर्व्हो. हे बुद्धभूषणचं मत होतं. पैकी पहिल्या दोन त्यानं एकाच उन्हाळी सुट्टीत उरकल्या होत्या. तिसरीला दिवाळी ते शिवरात्र लागली.

आता तो करमाडजवळ, आप्पासाहेबांच्या हरभरा काढलेल्या रानात उकिडवा बसून ग्लायडरचे पंख जोडत होता. या विमानाला इंजिन नसतं. रबर ताणून गलोलीसारखं सोडायचं आणि पुढं हवेच्या जिवावर तरंगत ठेवायचं. खाली रिमोटची दांडी हलवली की विमानाच्या पोटातला सर्व्हो, म्हणजे काडेपेटीहून लहान मोटर, शेपटी हलवतो आणि विमान वळतं. त्याचं काम एवढंच. पण एवढ्याशा कामावरून शहरातल्या ग्लायडर क्लबात दोन तट पडले होते.

ओवैस दातांचा डॉक्टर. त्याचं म्हणणं, आतली दातेरी चाकं प्लास्टिकची असलेला साधा सर्व्हो घ्यावा, हलका असतो. बुद्धभूषण कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा आणि त्याचा पक्ष धातूच्या चाकांचा होता. या पक्षात सध्या तो एकटाच उरला होता. गेल्या वर्षी त्याच्या सल्ल्यानं घेतलेल्या सर्व्होनं ऐन आकाशात मान टाकली आणि क्लबचं मोठं ग्लायडर आप्पासाहेबांच्या विहिरीत गेलं. तेव्हापासून क्लबात त्याला चहा विचारत, सल्ला विचारत नसत.

आज क्लबच्या सगळ्या नव्या विमानांसाठी सर्व्हो ठरायचा होता. बुद्धभूषणचं विमान नीट उडालं तर त्याचा सर्व्हो. नाहीतर या विषयावर त्यानं पुन्हा तोंड उघडायचं नाही, असं आप्पासाहेबांनी अध्यक्ष या नात्यानं जाहीर केलं होतं.

"उडू दे रे देवा," बांधावर थर्मास घेऊन बसलेली मेघा म्हणाली. ती बुद्धभूषणची बायको. "इथं तोंड बंद झालं तर सगळं मलाच घरी ऐकावं लागेल."

"दाखव तरी भाई, तुझा कोहिनूर," ओवैस म्हणाला.

बुद्धभूषणनं विमानाच्या पोटावरचं झाकण बोटभर वर केलं आणि लगेच लावलं. "धूळ जाते."

"शेपटी हलवून तर बघू." उडवण्याआधी हलवून बघायची क्लबाची रीत होती.

"घरी महिनाभर हलवून बघितली. उगाच हलवलं की चाकांचे दात झिजतात. तूच पेशंटला सांगतोस ना डॉक्टर, दात घासा, रगडू नका?"

स्वतःचंच वाक्य समोरून आल्यावर ओवैसनं शेपटीचा हट्ट सोडला.

"उरका आता," आप्पासाहेब म्हणाले. "वारं हाय तवर सोडा. मला लग्नाला जायचंय."

ओवैसनं विमान उचललं, मागं मागं जात रबर ताणलं. मध्येच त्यानं विमानाच्या पोटाला कान लावला. "काहीच आवाज येत नाही याचा."

"येणारच नाही. तुझे प्लास्टिकवाले डासासारखे गुणगुणतात."

ओवैसनं सोडलं. ग्लायडर सरळ चढत गेलं, रबरातून सुटलं आणि उन्हात स्थिर झालं. बुद्धभूषणचे दोन्ही अंगठे रिमोटवर होते आणि कपाळाला घाम.

ग्लायडर हळूच डावीकडं कललं.

"डावीकडं का निघालं?" ओवैसनं विचारलं.

"मी नेतोय."

एक वेढा पूर्ण झाला, दुसरा सुरू झाला.

"आता उजवीकडं वळव की."

"उजवीकडं हवा नाही."

दूर एक घार पंख न हलवता गोल फिरत होती. ग्लायडर वाऱ्यानं सरकत सरकत तिच्या खालीच गेलं आणि वर चढू लागलं. घार चढली, विमान चढलं. आप्पासाहेबांनी कपाळावर आडवा हात धरला.

"आयला, घारीच्या बी वर गेलं की वं."

"बघ डॉक्टर," बुद्धभूषणचा आवाज चिरकला होता. "नुसता अंगठा टेकवायचा. काय ऐकतोय. बघ, वळला."

"मघापासून वळतोच आहे."

"मग? मीच वळवतोय."

मेघाचा चहा कपातच निवला. शेवटी हवा मंदावली. ग्लायडर वेढे घेत खाली उतरू लागलं आणि प्रत्येक वेढा विहिरीकडं थोडा सरकू लागला.

"अहो, विहीर," मेघा उभी राहिली.

बुद्धभूषण रिमोटसकट कमरेत उजवीकडं वाकला. ओवैसही वाकला. आप्पासाहेबही वाकले. ग्लायडर विहिरीच्या काठावर आलं, पुन्हा डावीकडं कललं, काठाला वळसा घालून पलीकडं गेलं आणि रानात असं टेकलं, की एक ढेकूळही फुटलं नाही.

आप्पासाहेबांनी बुद्धभूषणला चक्क मिठी मारली. "विहीर चुकवून आणलं राव. लई आज्ञाधारक सर्व्हो हाय."

"मान गया सर," ओवैसनं हात पुढं केला. "माझे प्लास्टिकवाले आजपासून बंद. सगळ्या विमानांत तुझेच बसवू."

"माझं काय त्यात," बुद्धभूषण म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "सगळं त्या सर्व्होनंच केलं."

आप्पासाहेबांनी तिथंच फोन काढून पुण्याच्या दुकानात ऑर्डर दिली. पलीकडच्या माणसाला ऐकू येत असूनही ते ओरडून सांगत होते. मेघानं सगळ्यांना चहा ओतला, पहिला कप नवऱ्याला.

कप तसाच ठेवून बुद्धभूषण विमान आणायला एकटा निघाला. चालताना तो शीळ घालत होता. सर्व्होची बॅटरी उगाच उतरू नये म्हणून त्यानं विमानाचं झाकण उघडलं आणि स्विच बंद करायला बोट आत घातलं.

सकाळी घरून निघताना त्यानं तो बंद केला होता, तसाच तो बंद होता.