पाचही कामं येणारा

धाकट्या लेकीनं मनासारखं लग्न केलं आणि म्हातारा लग्नाला गेला नाही, त्याच्या चौथ्या वर्षी थोरल्यानं माळ्यावरून तिचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, पुसला आणि मधल्या खोलीत टेबलावर ठेवला. का, ते त्यानं सांगितलं नाही. म्हाताऱ्यानंही विचारलं नाही. या घरात तिचं नाव काढायचं नाही, असं लग्नाच्या दिवशी म्हाताऱ्यानंच बजावलं होतं, आणि थोरला बापाचा शब्द मोडणाऱ्यातला नव्हता.

थोरला कामावर गेल्यावर म्हाताऱ्यानं बटण दाबलं. बंदरावर तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस. यंत्राला भ्यायचा नाही. अक्षरं मात्र पन्नाशीत शिकलेला, त्यामुळे पडद्यावरचं एकेक अक्षर लावत वाचायचा. धाकटीचा खेळ तिथंच होता. आपले पाच, समोरचे पाच, एकमेकांचा किल्ला पाडायचा. तिच्या टीमच्या यादीत चार नावं होती, पाचवी जागा रिकामी. चारातलं एक नाव होतं टिटवी. लहानपणी घर डोक्यावर घ्यायची म्हणून ते त्यानंच ठेवलं होतं.

नावापुढे हिरवा ठिपका होता. म्हणजे ती आत्ता खेळत होती.

म्हातारा तासभर त्या ठिपक्याकडे बघत बसला. मग त्यानं ‘क्रेन’ या नावाचं नवं खातं उघडलं आणि पाचव्या जागेसाठी अर्ज टाकला.

कप्तान एक बाई होती. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, काय काय येतं. म्हातारा म्हणाला, ढाल धरता येईल. पुढे उभं राहायचं, मार खायचा, हलायचं नाही. बाईनं लिहिलं, आमच्यात एका कामाचा माणूस चालत नाही. ढाल, नेमबाज, वाटाड्या, राखणदार, वैद्य, पाचही कामं आली पाहिजेत. शिकायची तयारी असेल तर महिनाभर राहून बघा.

टीममध्ये तोंडानं कुणी बोलत नसे, सगळं लिहून. बाई म्हणाली, आमची पद्धतच तशी. हे म्हाताऱ्याच्या पथ्यावर पडलं. आवाजावरून लेकीनं त्याला लगेच ओळखलं असतं आणि उठून गेली असती. आधी तिनं चार दिवस बरोबर खेळावं, मग सांगू, असं त्यानं ठरवलं.

चार दिवसांचे महिने झाले. कुणी खाडा करत नसे. एखादं नाव पंधरा दिवस दिसलं नाही की खेळच टीम मोडून टाकायचा आणि मग तळापासून सुरुवात. म्हातारा रोज दुपारी सराव करायचा. वाटाड्या जमला. राखणदार जमला. नेमबाजी तर फारच जमली. झुलत्या वजनाचा अंदाज त्याच्या हातात होता. वैद्याचं काम मात्र जमेना. आपल्या जिवाकडे न बघता चौघांच्या जिवाकडे बघायचं, ही सवयच त्याला नव्हती.

“क्रेनभाऊ,” बाईनं एकदा लिहिलं, “वैद्य झालात की यमाचे भाऊ? चौघांनाही पोचवलंत.”

बाई सगळ्यांना असं टोचायची. टिटवीला मात्र कधी नाही. टिटवी नेमबाज होती, पण दहांतले आठ नेम चुकायचे. संसारात हात गेला असेल, म्हाताऱ्याला वाटायचं.

एके दुपारी टिटवीनंच लिहिलं, “नेम कसा धरता? मला शिकवाल का?”

चार वर्षांत लेकीनं बापाकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. म्हाताऱ्यानं चष्मा पुसला आणि रोज तास-दोन तास तिला शिकवायला लागला. उभं कुठं राहायचं, कधी थांबायचं, घाई कशी मारते. ती कधी उलट बोलली नाही. एवढी समजूत हिला कधी आली, याचं त्याला नवल वाटायचं.

एकदा धीर करून त्यानं विचारलं, “वडील असतात का?”

उत्तर आलं, “असतात. त्यांची आठवण निघते रोज.”

थोरला एकदोनदा दारात येऊन उभा राहिला. कुणाशी खेळता, त्यानं विचारलं. आहेत टीममधले, म्हातारा म्हणाला. थोरला आत निघून गेला.

पुढच्या वर्षी टीम अंतिम फेरीत पोचली. सामना समोरासमोर, एका सभागृहात होता. म्हाताऱ्यानं शर्टाला स्वतः इस्त्री केली. वाटेत तो दोनच शब्द घोकत होता, चुकलं माझं.

टेबलावर पाच खुर्च्या, पाच नावं. कप्तानबाई निघाली एका दवाखान्यातली नर्स. म्हाताऱ्याला बघून ती हसत सुटली. अहो काका, यमाचे भाऊ म्हटलं मी तुम्हाला, म्हणाली आणि पाया पडायला वाकली.

टिटवीच्या खुर्चीवर एक चष्मेवाला तरुण बसला होता.

“ही टिटवीची जागा आहे,” म्हातारा म्हणाला.

तरुण उठून उभा राहिला. त्यानं बाईकडे पाहिलं. बाईनं मान खाली घातली.

“काका, तुमच्यापासून लपवलं, माफ करा,” तो म्हणाला. “तुम्ही नवीन होता, बाहेर बोलला असता तर टीम बाद झाली असती. टिटवी माझी बायको. टीम तिनं उभी केलेली, ती मोडू नये म्हणून तिच्या नावानं मी बसतो. मला खेळातलं ओ की ठो येत नव्हतं. तुम्ही शिकवलंत.”

“ती कुठं आहे?”

तरुणानं सांगितलं. ताप डोक्यात गेला, तीन दिवसही मिळाले नाहीत. तिच्या भावाला त्याच दिवशी कळवलं होतं. तो एकटाच आला आणि खांदा देऊन गेला. वडलांना सांगा म्हटलं, तर म्हणाला, आमच्या घरात तिचं नाव काढायचं नाही.

धाकटी वारली त्याला त्या दिवशी एक वर्ष आणि चार महिने झाले होते. म्हाताऱ्यानं कॉम्प्युटरचं बटण पहिल्यांदा दाबलं, त्याच्या आधी अकरा दिवस.