अर्ध्या मिशीची पैज

“अर्धी मिशी लावली!” शिंपी मास्तरने कात्री टेबलावर आपटली. “सायरन आजार लपवतोय. खोटं निघालं तर हीच मिशी, भर रस्त्यात, अर्धी उडवायची.”

“आणि खरं निघालं तर वर्षभर तुमची दाढी फुकट,” सलूनवाला म्हणाला.

शेजारच्या वहिनी पंच झाल्या. पंचाच्या खिशातून काही जात नाही, म्हणून लगेच झाल्या.

सगळे खिदळले. मास्तरला मात्र ही थट्टा नव्हती.

सायरन म्हणजे वरच्या मजल्यावरचा अँब्युलन्स ड्रायव्हर. विधुर, सरळमार्गी, आणि त्याने मास्तरच्या धाकट्या बहिणीला मागणी घातली होती. धाकटी एकदा विधवा झालेली. पहिल्या नवऱ्याचं दुखणं सासरच्यांनी लपवलं होतं, आणि लग्न लावून देणारा मास्तरच होता. पुन्हा तोच धोंडा पायावर? छे. होकार त्याने अडवून धरला होता.

त्यात सायरनचं नवीन खूळ. ड्यूटी संपली की गडी थेट मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत! ज्याने उभ्या जन्मात वर्तमानपत्र फक्त डबा गुंडाळायला वापरलं, तो!

धाकटी जिना चढून आली आणि मधल्या पायरीवरच टेकली. हल्ली ती तिथेच बसायची. सायरनचं दार तिथून बरोबर दिसतं, हे मास्तरने ओळखलं होतं.

“त्याची तब्येत कशी आहे गं?”

“कुणाची? त्याची?” धाकटी हसली. “घोड्यासारखी. दादा, तू शर्टाची काजं कर ना, कशाला नसती चौकशी?”

उत्तर जरा घाईत आलं. मास्तरचा संशय आणखी बळावला.

दुसऱ्या दिवशी तो गळ्यात टेप तशीच ठेवून सायरनच्या मागोमाग लायब्ररीत शिरला. आत इतकी शांतता, की त्याच्या चपलेलाच लाज वाटली.

“या ना,” काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या. “बाहेरच्यांसाठीही खुलं आहे. कुठल्या आजाराची माहिती हवी? सोप्या भाषेतली काढून देते. हाडं, अवयवांची मॉडेलं घरीही नेता येतात.”

“हाडं नको. माझीच मला जड झालीत.” मास्तर काउंटरवर वाकला. “आत्ता आले ना, खाकी शर्टवाले, आमचे होणारे पाहुणे. त्यांना काय झालंय हो?”

मॅडमचं हसू तिथेच थांबलं. “कोण काय शोधायला येतं, ते आम्ही कुणालाच सांगत नाही.”

म्हणजे आहे काहीतरी! मास्तर कपाटांच्या आडून सरकत मागच्या काचेच्या खोल्यांपाशी गेला. पुस्तकाआडून पाहायला त्याने हाताला लागेल ते उघडलं. पानभर आतड्यांचं चित्र. मिटलं. दुसरं उघडलं.

पांढऱ्या कोटातली एक पोरगी आणि सायरन समोरासमोर बसले होते. मधे प्लास्टिकचं हृदय. काचेतून आवाज येत नव्हता. सायरनने त्या हृदयावर एका जागी बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर, आणि डोळे पुसले. पोरगी ताडकन उठली. वरच्या ओठावरून बोटं फिरवत तरातरा येरझाऱ्या घालू लागली, टेबलावर मूठ आपटली. डॉक्टर होणाऱ्या पोरीला हे शोभतं का? सायरन हात जोडून काहीतरी विनवत होता.

हृदय! धाकटीचं कपाळ पुन्हा तसंच. पैज जिंकली, आणि त्याला रडू येत होतं.

वळला, तर दारावर कागद चिकटवलेला: ‘अवघड बोलण्याच्या सरावाची खोली. विद्यार्थ्यांना पेशंटची भूमिका करणारी माणसं हवी आहेत.’

मास्तरने तो पुन्हा वाचला. मग पुस्तकात तोंड खुपसून हसला. गडी नाटक करत होता! खोटा पेशंट!

सायरन बाहेर आला तेव्हा मास्तर फाटकावरच उभा. “पकडलं! सरावाला येता होय?”

सायरनचा चेहरा पांढराफटक पडला. “तुम्हाला… कुणी सांगितलं?”

“कागदावर लिहिलंय की! लाजता काय? चांगलं काम आहे. जमतंय का?”

“नाही,” सायरन खाली बघत म्हणाला. “अजून नीट जमत नाही.”

“अहो, रडत तर झकास होता!” मास्तरने त्याच्या पाठीत थाप मारली. “माझा होकार. धाकटीला आजच सांगतो.”

रविवारी सकाळी सलूनवाल्याने खुर्ची रस्त्यात मांडली. सगळी आळी गोळा झाली. वहिनींनी मिशीच्या मधोमध मास्तरच्याच खडूने रेघ ओढली.

“पंच, रेघ डावीकडे सरकलीय,” मास्तर ओरडला.

“शिंप्याला माप शिकवू नका म्हणे! वस्तरा चालवा हो,” वहिनी म्हणाल्या.

मिशी गळली. शिट्ट्या झाल्या. मास्तरने उरलेल्या अर्ध्या मिशीला पीळ देत सगळ्यांना सलाम ठोकला. इतका खूश तो धाकटीच्या पहिल्या लग्नातही नव्हता.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत सायरन खुर्चीपाशी आला आणि उकिडवा बसला.

“मास्तर, लग्न या आठवड्यातच उरकू. ऑपरेशनच्या आधी. मला तिथे नवरा म्हणून उभं राहायचंय.”

“ऑपरेशन? अहो, तुम्ही तर खोटे पेशंट!” मास्तर हसत म्हणाला. “कुणाचं ऑपरेशन?”

“धाकटीचं. तुम्हाला सांगायचा तिला धीर होईना, म्हणून मी शिकत होतो.” सायरनने त्याचा हात घट्ट धरला. “त्या खोलीत पेशंट कुणीच नव्हतं, मास्तर. सांगणारा मी होतो. आणि ती पोरगी तुम्ही होतात.”